स्पॅनिशवाल्यांना जेरंड शिकवायचं की याद्या घोकवायच्या?

मॉन्तेरेची मास्तरीण: काल एका सरांनी इथे ज्ञान दिलंय की स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्लिश शिकवताना 'एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश'नंतर आयएनजी (म्हणजे जेरंड, 'डान्सिंग'सारखं क्रियापदाचं नाम) आणि 'वाँट, होप, डिसाइड'नंतर टू, एवढी यादी पाठ करायला लावा, विषय संपला. कसला संपला? मी इथे मेक्सिकोत कारखान्यातल्या इंजिनियर लोकांना शिकवते, यादी तोंडपाठ आणि मेलमध्ये 'बिफोर स्टार्टिंग'ऐवजी 'बिफोर टू स्टार्ट द मशीन'. कारण त्यांच्या भाषेत 'आन्तेस दे' (बिफोर), 'सिन' (विदाउट), 'पारा' (फॉर) कशाच्याही पुढे मूळ क्रियापदच येतं. इंग्लिशमध्ये प्रीपोझिशनपुढे आयएनजी हे आधी डोक्यात घाला.

यादीवाले सर: मग 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग' आणि 'वाँट टू मीट', दोन्हीकडे टू, पोरांनी काय करायचं? 'एन्जॉय टू डान्स' तुमच्या नियमाने कसं सुधारणार तेही सांगा. फुकटचा शहाणपणा.

मॉन्तेरेची मास्तरीण: पुढे नाम ठेवून बघायचं. 'लुक फॉरवर्ड टू द पार्टी' चालतं, 'वाँट टू द पार्टी' नाही चालत. नाम बसलं की आयएनजी, झालं. शहाणपणा फुकटच देतेय, घ्या.

खडूस_ट्यूटर: खरी गोची नावात आहे. त्यांच्याकडे 'खेरुन्दियो' असतो, -आन्दो, -येन्दो वाला, आपल्या 'करत'सारखा, पण तो नाम म्हणून वापरत नाहीत. 'फुमार एस मालो' म्हणतात, 'फुमान्दो' नाही, म्हणून 'स्मोकिंग इज बॅड' त्यांना विचित्रच वाटतं. वर्गात जेरंड शब्दच काढू नका, आयएनजी म्हणा.

माद्रिदकर: आयएनजीवालं नाम विचित्र वाटतं?? इथे पुलावरून दोरी बांधून उडी मारतात त्याला 'पुएन्तिंग' म्हणतात, पुएन्ते म्हणजे पूल, त्याला सरळ शेपूट चिकटवलंय. शिवाय पार्किंग, कॅम्पिंग, आणि जॉगिंगला फूटिंग.

मॉन्तेरेची मास्तरीण: पार्किंग तुमच्याकडे. आमच्याकडे 'एस्तासियोनामियेन्तो' म्हणतात.

माद्रिदकर: एवढं म्हणेपर्यंत जागा जाते दुसऱ्याला.

खडूस_ट्यूटर: आणि फूटिंग फ्रेंचांकडून आलाय, इंग्लिशमध्ये त्याचा तो अर्थच नाही. स्पेनवाल्यांनी उगाच मिरवू नये.

माद्रिदकर: मिरवतंय कोण? माझ्या घरमालकिणीला 'आय गो फॉर रनिंग' सांगितलं तर ती मलाच 'फूटिंग' म्हणून सुधारते, तिच्याशी भांडा जाऊन.

पणजीचा पाहुणा: तुमचं काय घेऊन बसलात, ब्राझिलियाच्या गव्हर्नरने २००७ मध्ये चक्क डिक्री काढून सरकारी खात्यांतून जेरंडला 'बडतर्फ' केलं होतं! काम 'चालू आहे, करतोय' म्हणत लोटायचे ना, म्हणून.

यादीवाले सर: ते पोर्तुगीज झालं हो. इथे स्पॅनिश चाललंय. निदान चालू होतं.

पणजीचा पाहुणा: चालू होतं की भांडण करतोय होतं?

यादीवाले सर: बरं मॅडम, तुमचं प्रीपोझिशन आधी, मान्य, हार घालू का? पण 'सजेस्ट गोइंग'ऐवजी 'सजेस्ट टू गो' लिहिणाऱ्याला यादीशिवाय दुसरं औषध नाही, आणि तुमचे इंजिनियर ते लिहीत नसतील तर शपथ घेऊन सांगा.

मॉन्तेरेची मास्तरीण: लिहितात. रोज. पण यादी त्यांच्या मेलमधूनच करते मी, पुस्तकातून नाही.