सुगंधाची अ‍ॅलर्जी: बिनवासाची पावडर आणि अगरबत्तीला पर्याय सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बायकोला सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी आहे. पॅच टेस्टमध्ये (कातडीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावून करतात ती अ‍ॅलर्जीची तपासणी) फ्रॅग्रन्स मिक्स, म्हणजे नेहमीच्या सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, पॉझिटिव्ह आलं. मानेवर, कानामागे लाल चट्टे उठतात, खाजवून कातडी सोलवटते. लिफ्टमध्ये कुणी डिओ मारून आलं की खोकल्याची ढास लागते, ती वेगळीच.

साबण-शाम्पू बदलले. लेबलवर परफ्यूम किंवा लिनालूल, लिमोनीन अशी सुगंधी द्रव्यं दिसली की बाटली परत ठेवतो. 'अनसेंटेड' लिहिलेल्यातही मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून घटक वाचावेच लागतात. आणि कृपया लव्हेंडर तेल सुचवू नका, त्यात लिनालूल असतंच.

कपड्यांसाठी बिनवासाची पावडर किंवा लिक्विड आपल्याकडे सहज मिळणारं कोणतं? रिठ्याने शर्टाच्या कॉलरी निघत नाहीत.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. गणपती तोंडावर आलेत. आईला धूप-अगरबत्तीशिवाय पूजा झाल्यासारखी वाटत नाही, आणि या वयात तिचं मन दुखवणं माझ्याच्याने होत नाही. दार-खिडक्या उघड्या ठेवूनही धूर आत रेंगाळतो. तुपाचं निरांजन आणि दूर्वा-फुलं एवढ्यावर कुणाच्या घरी पूजा होते का? घरातल्या मोठ्यांशी हे कसं बोललात? सविस्तर सांगा.