मंगळवारच्या वादळानंतर : गुलमोहर, तार आणि सुटलेला कुत्रा

सचिव, ब-२०३ (बुधवार, सकाळी ७.४०)

सर्व सभासदांना नमस्कार. काल संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास आलेल्या वळवाच्या वादळात 'ब' इमारतीसमोरचा गुलमोहर मुळासकट कोसळला. त्याखाली दोन मोटारी आणि पाच दुचाक्या सापडल्या, पडता पडता त्याच्या फांदीने फाटकाजवळच्या खांबावरून आलेली विजेची तार तोडली आणि गच्चीवरच्या शेडचे चार पत्रे उडून मागच्या मोकळ्या जागेत जाऊन पडले. त्या वेळी झाडाखाली कोणी नव्हते, हे आपले नशीब. मात्र तारेकडे कोणी जाऊ नये म्हणून भर पावसात उभे राहून लोकांना मागे हटवणारे आपले वॉचमनकाका यांना त्याच गडबडीत सोसायटीतल्याच एका पाळीव कुत्र्याने पोटरीला चावा घेतला. रात्री साडेअकराला अग्निशमन दलाच्या जवानांनी फांद्या कापून वाट मोकळी केली आणि पहाटे चारला वीज आली. आज दिवसभर या ग्रुपवर फक्त या घटनेविषयी लिहावे, ही विनंती.

अ-१०४ (७.५२)

काकांची तब्येत आता कशी आहे? रात्री त्यांच्याबरोबर रुग्णालयात कोण गेले होते?

क-३०१ (८.०५)

मी आणि ब-२०३ मधले दादा गेलो होतो. काका ठीक आहेत, ताप नाही. दात खोल गेले होते आणि रक्त आले होते, म्हणून एक डॉक्टर या नात्याने थोडे सविस्तर लिहिते, कारण काल तिथे जमलेल्यांपैकी प्रत्येक जण वेगळा उपाय सुचवत होता. कोणीतरी वाटीत हळद आणली होती. हेतू चांगलाच होता, पण चाव्याच्या जखमेवर हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावायचे नसते आणि जखम घट्ट बांधायचीही नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला उपचार, आणि तो घरच्या घरी, लगेच करायचा असतो. काल वीज नसल्याने पंप बंद होता. तळमजल्यावरच्या ताईंनी बादल्या भरून दिल्या आणि आम्ही तांब्याने पाणी ओतत राहिलो. त्यानंतर महापालिकेच्या रुग्णालयात रेबीजच्या लसीचा पहिला डोस दिला गेला, आणि रक्त आलेले असल्यामुळे जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) दिले गेले. कातडीत देण्याच्या लसीचे पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. पहिला दिवस शून्य धरायचा, म्हणजे येता शुक्रवार, पुढचा मंगळवार आणि चार आठवड्यांनंतरचा मंगळवार. कुत्र्याला दरवर्षी लस दिलेली आहे असे समजले. ही चांगली गोष्ट आहे, तरी काकांचा एकही डोस चुकवायचा नाही, आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे.

ब-५०१ (८.२०)

हे होणारच होते. गेल्या सहा महिन्यांत तो कुत्रा पार्किंगमध्ये मोकळा फिरताना मी तीन वेळा या ग्रुपवर कळवले आहे. एकदा माझी मुलगी सायकलवरून पडली ती त्याला घाबरूनच. दर वेळी 'तो काही करत नाही' एवढेच उत्तर मिळाले. आता सोसायटीत कुत्रे पाळण्यावरच बंदी घालावी, निदान लिफ्टमध्ये तरी त्यांना येऊ देऊ नये.

अ-४०२ (८.४१)

नमस्कार. कुत्रा माझा आहे. काल रात्री मी काकांची माफी मागितली आहे, इथे सर्वांसमोर पुन्हा मागतो. गडगडाट सुरू झाला तेव्हा मी त्याला नेहमीप्रमाणे खाली आणले होते. पट्टा माझ्या हातात होता, त्याच्या गळ्यात नव्हता. वीज कडाडली आणि पाठोपाठ झाड पडल्याचा आवाज झाला, तसा तो बिथरून पळत सुटला आणि काका अंधारात समोर आले. कुत्रा घाबरला होता हे खरे असले, तरी पट्टा घातलेला असता तर हा प्रसंग आलाच नसता, हे मला मान्य आहे. काकांच्या उपचाराचा आणि बुडालेल्या दिवसांचा सगळा खर्च मी करीन. ब-५०१ ताई, तुमची मुलगी पडली तेव्हा मी घरी येऊन तिची विचारपूस करायला हवी होती. ती मी केली नाही.

सचिव, ब-२०३ (८.५८)

बंदीविषयी कायद्याची बाजू सांगणे माझे काम आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. मात्र सामाईक जागेत कुत्रा पट्ट्याने बांधलेला असावा आणि मालकाने घाण स्वतः उचलावी, हेही त्याच सूचनांत सांगितलेले आहे. त्यापलीकडे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होईल अशी हयगय करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार द्यायची की नाही हे काकांनी ठरवायचे आहे. त्यांच्यावर कोणीही, कोणत्याही बाजूने दडपण आणू नये.

अ-३०३ (९.१५)

काल जे पाहिले त्यावरून तारेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मी वीज मंडळात आणि नंतर महावितरणमध्ये मिळून तेहेतीस वर्षे नोकरी केली. झाड पडल्यावर दोन तरुण मोबाइलच्या उजेडात दुचाकी ओढून काढायला गेले होते आणि तार त्यांच्यापासून चार-पाच हातांवर पाण्यात पडलेली होती. काकांनी ओरडून त्यांना थांबवले. इमारतीतले दिवे गेले म्हणजे तार मेली, असे कधीही समजू नये, कारण बंद पडलेली वाहिनी काही वेळा आपोआप, तर काही वेळा चाचणीसाठी पुन्हा चालू केली जाते. ओल्या जमिनीत तारेपासून जसजसे दूर जावे तसतसा विद्युतदाब कमी होत जातो, त्यामुळे लांब ढांग टाकली तर दोन पायांमधल्या फरकानेही धक्का बसतो. तारेजवळ सापडलाच तर पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, अगदी लहान पावलांनी मागे सरकायचे. तार गाडीवर पडली असेल तर गाडीतच बसून राहायचे. बांबूने तार बाजूला करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. भिजलेला बांबू वीज वाहतो. १९१२ या वीज-तक्रारीच्या क्रमांकावर कळवायचे आणि वाहिनी बंद केल्याचे कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष येऊन सांगेपर्यंत कोणालाही पुढे जाऊ द्यायचे नाही. काका काल बरोबर हेच करत होते, आणि ते करतानाच त्यांना चावा बसला.

ब-१०१ (९.३०)

चिरडलेल्यांपैकी एक मोटार माझी आहे. ज्यांच्या गाड्या झाडाखाली आहेत त्यांनी ती हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि विमा कंपनीला आजच कळवावे. ज्यांचा फक्त तृतीय पक्ष विमा आहे, त्यांना स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तरच मिळते. दोन दुचाकीवाल्यांना हे आज सकाळी कळले.

ब-५०१ (९.३६)

मग उरलेली झाडेही तोडून टाका. अजून दोन गुलमोहर आणि तो मोठा पर्जन्यवृक्ष आहे. पुढच्या वादळाची वाट कशाला पाहायची?

क-१०२ (१०.२५)

मी सकाळी सहापासून त्या झाडापाशी होते. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा जे पाहिले ते नीट लिहून ठेवते आणि झाडे तोडण्याच्या सूचनेला उत्तरही देते.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मुळे उथळ पसरतात, म्हणून वादळात तो आंबा-चिंचेसारखा तग धरत नाही, हे खरे आहे. पण आपला गुलमोहर निव्वळ वाऱ्याने पडलेला नाही. मुळांची जी चकती वर उचलली गेली आहे, ती पूर्वेकडून जाऊन पाहा. तिथे मनगटाएवढी तीन मुळे करवतीने कापल्यासारखी सरळ तुटलेली आहेत आणि कापलेली टोके काळी पडली आहेत. ती काल तुटलेली नाहीत. दीड वर्षापूर्वी इंटरनेटच्या केबलसाठी चर खणला होता, तो नेमका तिथून गेला होता. म्हणजे झाडाचा एका बाजूचा आधार तेव्हाच गेला. दुसऱ्या बाजूला आपण चार वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बुंध्याला अगदी चिकटवून बसवले. ते ब्लॉक अजूनही एकमेकांत अडकलेले आहेत आणि सतरंजी उचलावी तसे मुळांबरोबर वर आले आहेत. त्यांच्याखालची माती मी हाताने उकरली. काल एवढा पाऊस पडूनही ती वीतभर खोलीवर कोरडी होती.

बेचक्यापाशी बुंधा फुटला आहे, तिथला गाभा बोटाने कुस्करता येतो. भिजलेल्या भुशासारखा आहे आणि त्यात मुंगळ्यांची घरे आहेत.

आता जे सांगायचे आहे ते मला जड जाते. या बेचक्यातल्या भेगेचा फोटो मी १९ जानेवारीला याच ग्रुपवर टाकला होता. 'झाड धोकादायक वाटते, लक्ष द्यावे' असे खाली लिहिले होते. त्यावर छत्तीस जणांनी अंगठे दाखवले, दोघांनी 'खरे आहे काकू' असे लिहिले आणि दुपारपर्यंत तो निरोप इतर निरोपांच्या खाली गेला. माझे काम झाले, असे मी समजले. महापालिकेच्या उद्यान विभागात साध्या कागदावर एक अर्ज द्यायचा होता, तो मी दिला नाही. समितीकडेही लेखी काही दिले नाही. अ-४०२ च्या कुत्र्याबद्दलही हेच झाले. ब-५०१ ताईंनी तीन वेळा ग्रुपवर लिहिले, आपण सगळ्यांनी वाचले आणि समितीच्या इतिवृत्तात त्याची एक ओळही नाही. ग्रुपवर लिहिले की तक्रार केल्यासारखे वाटते, पण ती कोणाच्याही टेबलावर पोहोचत नाही; तिला क्रमांक नसतो, तारीख नसते आणि तिचे उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते.

उरलेली झाडे तोडण्याला माझा विरोध आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड आपल्या आवारात असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिवाय पर्जन्यवृक्ष निरोगी आहे. आज मी त्याचा बुंधा सगळीकडून ठोकून पाहिला, कुठेही पोकळ आवाज येत नाही. दोन गुलमोहरांपैकी मागच्याची एक फांदी वाळलेली आहे आणि ती मात्र उतरवावी लागेल. तिन्ही झाडांभोवतीचे ब्लॉक काढून किमान एक मीटरचे मोकळे आळे करावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी एवढेच अंतर सांगितले होते. उद्यान विभागाकडे पाहणीसाठी द्यायचा अर्ज मी लिहून तयार ठेवला आहे. आज दुपारी दोन वाजता मी स्वतः तो देऊन पोच घेणार आहे. बरोबर कोणी आले तर बरे होईल.

ब-५०१ (१०.४०)

काकू, मी येते. तोडण्याचे मी रागाच्या भरात लिहिले होते.

अ-२०१ (१०.४८)

गच्चीवरच्या पत्र्यांचा विषय मागे पडू नये. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात फलक कोसळून सतरा माणसे गेली, तेव्हा माझे कार्यालय तिथून जवळच होते आणि ते दृश्य मी विसरू शकत नाही. आपले पत्रे मोकळ्या जागेत पडले, तिथे रोज साडेसहाला मुले क्रिकेट खेळतात. उरलेल्या पत्र्यांचे हूक मी आज वर जाऊन पाहिले. अकरांपैकी सहा गंजून निम्मे झाले आहेत. पावसाळ्याआधी पत्रे उतरवावेत किंवा नवीन हूक आणि वॉशर लावून पक्के करावेत. गच्चीवर ठेवलेल्या जुन्या खाटा, कुंड्या आणि दूरचित्रवाणीच्या बंद तबकड्या ज्यांच्या असतील त्यांनी रविवारपर्यंत खाली न्याव्यात.

सचिव, ब-२०३ (११.३०)

समितीचे पाच सदस्य आत्ता कार्यालयात एकत्र बसलो होतो. विशेष सर्वसाधारण सभेसाठी उपविधीप्रमाणे पाच पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते; ती आज फलकावर लावत आहोत आणि सभा पुढच्या बुधवारी रात्री नऊला होईल. सभेपुढे झाडांभोवतीची आळी, गच्चीवरचे पत्रे, इमारतीच्या विम्यात वादळाचे नुकसान येते की नाही याची तपासणी आणि सामाईक जागेत कुत्र्यांना पट्टा लावण्याचा नियम हे विषय असतील. चराबद्दलही बोलावे लागेल, कारण त्या केबलला परवानगी देणाऱ्या पत्रावर माझीच सही आहे आणि मुळांचा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नव्हता.

आजपासून कार्यालयाबाहेर तक्रारवही ठेवली आहे. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक पडेल आणि समितीच्या मासिक बैठकीत ती वाचली जाईल. क-१०२ काकूंची १९ जानेवारीची तक्रार क्रमांक १ म्हणून, जुन्या तारखेच्या उल्लेखासह, मी स्वतः लिहिली आहे. ब-५०१ ताईंच्या तीन तक्रारी क्रमांक २, ३ आणि ४ आहेत. ताईंनी येऊन सही करावी.

क-३०१ (११.४५)

काकांच्या सुटीचे काय ठरले? ते आजही फाटकावर बसलेले दिसले. विचारले तर म्हणाले, घरी बसलो तर एजन्सी दिवस कापते.

सचिव, ब-२०३ (११.५८)

एजन्सीशी आत्ता फोनवर बोललो. शुक्रवारपर्यंत बदली माणूस येईल आणि काकांचा एकही दिवस कापला जाणार नाही, असे त्यांच्याकडून लेखी मागितले आहे. ते आले नाही तर तेवढी रक्कम सोसायटी देईल.

अ-४०२ (१२.१०)

ती रक्कम माझ्याकडून घ्यावी, सोसायटीच्या खात्यातून नको. शुक्रवारी सकाळी नऊला मी गाडी घेऊन फाटकापाशी येतो आणि काकांना रुग्णालयात नेऊन परत आणतो. पुढच्या दोन्ही मंगळवारी तसेच. डॉक्टरताई, लसीचे कार्ड तुमच्याकडे आहे का? असल्यास संध्याकाळी घ्यायला येतो.

क-३०१ (१२.१४)

कार्ड काकांच्याच खिशात आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले आहे, भिजू नये म्हणून.