तपासणीत एकही चूक नाही, तरी अर्ज भरता येत नाही: संकेतस्थळाची सुगम्यता कुठून सुधारायला घ्यावी?

रानवारा (प्रश्न)

नमस्कार. एका संस्थेच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. पाने दीडशेच्या आसपास आहेत आणि त्यांत सर्वाधिक वापर नोंदणी अर्जाचा होतो. गेल्या आठवड्यात स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या एका सदस्यांनी कळवले की, तीनदा प्रयत्न करूनही त्यांना हा अर्ज पूर्ण करता आला नाही आणि शेवटी तो भावाकडून भरून घ्यावा लागला. हे वाचून मला फार वाईट वाटले, कारण त्याच अर्जाची मी महिन्याभरापूर्वी स्वयंचलित तपासणी केली होती आणि तिच्यात एकही चूक निघाली नव्हती.

आता वरिष्ठांचे म्हणणे असे आहे की, पानाच्या कोपऱ्यात अक्षरे मोठी करणारी, रंग बदलणारी एखादी तयार पट्टी बसवावी आणि विषय संपवावा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडताही येत नाही. हाताशी वेळ थोडा आहे. सुरुवात कुठून करावी?

ओलांडा

सुरुवात माउस बाजूला ठेवण्यापासून करा. अर्ज उघडा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेसबार आणि बाणांच्या कळा एवढ्यांवरच तो शेवटपर्यंत भरून पाहा. प्रत्येक टॅबनंतर स्वतःला विचारा की, मी आत्ता पानावर नेमकी कुठे आहे हे दिसते आहे का. पुष्कळ ठिकाणी ते दिसत नाही, कारण निवडलेल्या घटकाभोवती ब्राउझर जी चौकट दाखवतो, ती सौंदर्याला बाधा येते म्हणून कोणीतरी सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून) काढून टाकलेली असते. ती परत आणणे हे बहुधा एका ओळीचे काम असते.

माझा अंदाज असा की, तुमच्या अर्जातील एखादी निवडयादी किंवा 'पुढे' हे बटन मुळात बटन नसून बटनासारखा रंगवलेला साधा डिव्ह (स्वतःचे काही काम नसलेला नुसता कप्पा) असावा. माउसने ते चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. परंतु त्यावर टॅबने पोहोचता येत नाही, एंटरने ते दाबले जात नाही आणि स्क्रीन रीडरला ते बटन आहे हेच कळत नाही. एचटीएमएलमधला (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेतला) खरा बटन घटक वापरला, तर या तिन्ही गोष्टी काही न लिहिता मिळतात. एरियाचे (घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणांचे) गुणधर्म जोडून डिव्हला बटनाचे नाव देता येते, पण त्याने फक्त नाव मिळते. कळांना प्रतिसाद देणारा कोड तरीही स्वतःलाच लिहावा लागतो. तयार घटक उपलब्ध असेल तेथे तोच वापरावा, हे एरियाच्या मार्गदर्शनातही सर्वांत आधी सांगितलेले आहे.

स्वयंचलित तपासणी निरुपयोगी नाही, पण लेबल आहे की नाही एवढेच ती पाहते. ते लेबल अर्थपूर्ण आहे का, हे ती सांगू शकत नाही. वरिष्ठांसमोर ठेवायला निकष हवा असेल, तर वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या नियमावलीची २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती आणि तिचा 'डबल ए' हा मधला स्तर धरा.

श्रवणवाचक

मी स्वतः रोज स्क्रीन रीडरवर काम करतो, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. अलीकडेच मी असाच एक अर्ज भरत होतो. जन्मतारखेसाठी तीन चौकटी होत्या आणि तिन्हींवर मला एकच शब्द ऐकू आला: 'निवडा', 'निवडा', 'निवडा'. दिवस कोणता, महिना कोणता, वर्ष कोणते, हे केवळ त्यांच्या जागेवरून ओळखायचे होते आणि जागा मला दिसत नाही. अंदाजाने भरले, 'पाठवा' दाबले आणि त्यानंतर पूर्ण शांतता. पुन्हा दाबले, पुन्हा शांतता. नंतर एका मित्राने सांगितले की, वरच्या एका चौकटीची कडा लाल झाली होती. चूक फक्त रंगाने दाखवली, तर ती माझ्यापुरती घडलेलीच नसते. काय चुकले ते शब्दांत लिहा, तो मजकूर त्या चौकटीशी जोडा आणि 'पाठवा' दाबल्यावर फोकस (कळफलक ज्या घटकावर आहे ती जागा) पहिल्या चुकीवर न्या. एवढे केले असते, तर माझा पाऊण तास वाचला असता.

दुसरे असे की, आम्ही पान वरून खाली सरळ ऐकत नाही. मी शीर्षकांवरून उड्या मारत जातो किंवा फक्त दुव्यांची यादी काढून ऐकतो. त्या यादीत 'इथे क्लिक करा' वीस वेळा ऐकू आले, तर त्यातून काहीच हाती लागत नाही. पानाची भाषाही एचटीएमएलमध्ये योग्य नोंदवा. मराठी पानावर इंग्रजीची खूण राहून गेली, तर वाचणारा आवाज इंग्रजीचा लागू शकतो आणि असे काही आवाज देवनागरी अक्षरे चक्क गाळून पुढे जातात.

त्या तयार पट्टीविषयी: अक्षरे मोठी करणे, रंग उलटे करणे ही सोय माझ्या संगणकात आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आहे, आणि ती मी माझ्या सवयीप्रमाणे लावून घेतलेली आहे. मला तुमच्या पानावर दुसरा आवाज नको, पानाची रचना नीट हवी. तीन 'निवडा'पैकी महिना कोणता, हे ती पट्टी खात्रीने ओळखू शकत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे. तो बसवून, संगणकाचा पडदा बंद करून तुमचा अर्ज एकदा तरी भरा.

तिसरी ओळ

मजकूर पाहणारी म्हणून थोडी भर घालते. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी विरोध (फिकट-गडदपणातला फरक) किमान ४.५ : १ असावा लागतो. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा रंग त्यात जेमतेम बसतो. #९९९९९९ बसत नाही, तरीही सूचनांसाठी तोच सर्रास दिसतो. छायाचित्रावर लिहिलेल्या अक्षरांचा निर्णय तपासणीची साधने बहुधा माणसावर सोडतात, तेव्हा ती पाने डोळ्यांनी पाहा. मग पान २०० टक्के मोठे करा. ठरावीक उंचीच्या चौकटींत देवनागरीची वेलांटी वरून आणि उकार खालून कापला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. चौकटीची उंची मजकुराप्रमाणे वाढू द्यावी.

रानवारा

सर्वांचे मनापासून आभार. काल फक्त कळफलकावर अर्ज भरायला बसले आणि चौथ्याच चौकटीला अडकले. वयोगटाची यादी खरोखरच डिव्हची होती. ती बदलून साधी निवडयादी केली आहे, तारखेच्या चौकटींना स्वतंत्र नावे दिली आहेत, आणि काय चुकले ते सांगणारा मजकूर चौकटींशी जोडण्याचे काम चालू आहे. त्या सदस्यांना विचारले, तेव्हा त्यांनी आणखी एक अडचण सांगितली: दहा मिनिटांनी अर्ज आपोआप बंद होतो आणि भरलेले सगळे पुसले जाते. सुरक्षेसाठी वेळेची मर्यादा काढता येणार नाही. अशा वेळी काय करावे?

ओलांडा

मर्यादा ठेवूनही हे जमते. डब्ल्यूसीएजीनुसार एक मार्ग असा आहे की, वेळ संपण्याआधी इशारा द्यावा, मुदत वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत, एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीने ती वाढावी आणि निदान दहा वेळा वाढवता यावी. मात्र तो इशारा स्क्रीन रीडरला ऐकू जाईल असा असू द्या आणि कळफलकाचा फोकस त्यावर न्या. शक्य असल्यास भरलेला मजकूर सर्व्हरवर जपून ठेवा, म्हणजे पुन्हा प्रवेश केल्यावर अर्ज जिथे थांबला होता तिथून पुढे भरता येईल. दुरुस्ती झाली की तो अर्ज त्या सदस्यांनाच पुन्हा भरायला द्या, आणि ते भरत असताना मध्ये न बोलता शेजारी बसून ऐका.