तूट, भाववाढ आणि तूरडाळ

वित्तीय तूट, म्हणजे सरकारच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च, वाढली की महागाई वाढणारच, असे समीकरण अनेकदा मांडले जाते. ते मला अपुरे वाटते, कारण तूट किती आहे यापेक्षा ती कशी भरून काढली जाते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सरकारने रोखे विकून लोकांच्या बचतीतून कर्ज घेतले तर ताण मुख्यतः व्याजदरांवर येतो. मध्यवर्ती बँकेने (आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने) नवा पैसा निर्माण करून सरकारला दिला आणि उत्पादन त्या प्रमाणात वाढले नाही, तर भाव चढतात. करवसुली तोकडी आणि रोखेबाजार लहान असलेल्या देशांना हा दुसरा मार्ग सोपा वाटतो. झिंबाब्वेत २००८ पर्यंत तो टोकाला गेला. आपल्याकडे तात्पुरत्या ट्रेझरी बिलांवर (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जपत्रांवर) सरकारने रिझर्व्ह बँकेकडून आपोआप पैसा उचलण्याची पद्धत १९९७ मध्ये बंद झाली. (बँक आजही दुय्यम बाजारातून, म्हणजे थेट सरकारकडून नव्हे तर आधीच्या खरेदीदारांकडून, सरकारी रोखे घेते, हे मात्र विसरू नये.)

खानदेशातील वाचकांना २०१५ आठवत असेल. जळगावात डाळ मिलांची कमतरता नाही, तरीही त्या वर्षी तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. केंद्राची तूट मात्र २०१५-१६ मध्ये कमी होऊन जीडीपीच्या ३.९ टक्क्यांवर आली होती. डाळ महागली ती सलग दोन वर्षे पावसाने ओढ दिल्यामुळे. महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात तेव्हा खाद्यपदार्थ व पेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता, त्यामुळे अशी टंचाई थेट महागाईच्या आकड्यात उतरते आणि तिचे खापर तुटीवर फोडता येत नाही.