९ की १०, आधी स्केल बघा
इलेक्ट्रिक गिटारला ९ चा तारांचा सेट लावायचा की १० चा (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाड की ०.०१०) यावर बरंच बोलणं झालंय, पण गिटार कुठली ते कोणी विचारलंच नाही. स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी, फेंडर स्ट्रॅटची २५.५ इंच, गिब्सन लेस पॉलची साधारण २४.७५, त्यामुळे तोच १० चा सेट लेस पॉलवर बऱ्यापैकी मऊ लागतो आणि स्ट्रॅटवर बेंड करताना (तार बोटाने ओढून सूर चढवताना) बोटं बोंबलतात. स्ट्रॅटवर ९ ची बारीक ई, म्हणजे सगळ्यात बारीक तार, साधारण १३ पौंड ताण घेते, १० ची १६ च्या आसपास, म्हणजे फरक चांगलाच जाणवणार.

आणि जाड तार म्हणजे जाड टोन हे जरा अतीच होतंय हां. ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे वॉन १३ लावायचा हे सगळे सांगतात, तो अर्धा सूर खाली ट्यून करायचा, म्हणजे ताण कमी, हे कोणी सांगत नाही, आणि झीझी टॉप बँडचा बिली गिबन्स ७ वर वाजवतो, त्याचा टोन काय बारीक आहे का?

मटेरियलचं म्हणाल तर प्युअर निकेल थोडं गोलसर, स्टेनलेस स्टील चकचकीत पण सरकताना खरखर जास्त, निकेल प्लेटेड मधलं, बहुतेकांना तेच पुरतं. कोटेड तारा टिकतात, पण बोटाखाली किंचित गुळगुळीत वाटतात, मला नाही आवडत. आणि तुलना करायची तर नवीन विरुद्ध नवीनच करा, जुन्या काढून नव्या लावल्या की कुठलाही ब्रँड भारीच वाटतो.

गेज (तारांची जाडी) बदललं तर इंटोनेशन, म्हणजे वरच्या पट्ट्यांवरही सूर बरोबर लागतो का, परत बघा, गिटारची मान वाकली असेल तर ट्रस रॉडपण (मानेतली बाक सुधारणारी सळई).