मदत हवी आहे: हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटवर वारंवार बर्फ साचतो

नमस्कार. मँचेस्टरजवळच्या आमच्या घरात हवेतली उष्णता घेऊन रेडिएटरचे पाणी तापवणारा हीट पंप आहे. दमट हवेत, तापमान 0 ते 4 अंश असताना बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलट चालून घरातलीच उष्णता बाहेर नेते, हे मला समजते. परंतु हल्ली हे चक्र तासातून अनेकदा होते आणि खोल्या गार पडतात. कॉइलवरचा पालापाचोळा काढला, पाण्याची गाळणीही साफ केली. रेडिएटरचे पाणी 50 अंशांऐवजी 40 वर ठेवल्यास वीज वाचेल, पण बर्फाचे कारण वेगळे असावे असे मला वाटते. यंत्रातला गॅस कमी झाला असेल का? की वितळलेले पाणी तळाशी साचून पुन्हा गोठते? घरात वृद्ध आईवडील आहेत, त्यामुळे तंत्रज्ञ येण्यापूर्वी काय तपासावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.