हकालपट्टीमागचे कारण

१८६८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळातून कृष्णवर्णीय सदस्य अनुभवाअभावी काढले गेले, असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. काढलेल्यांपैकी एक, मेकन शहराचे प्रतिनिधी हेन्री मॅकनील टर्नर, हे अमेरिकी यादवी युद्धात संघराज्याच्या (उत्तरेकडील) सैन्याचे धर्मगुरू होते आणि राज्याची नवी घटना घडवणाऱ्या अधिवेशनातही बसले होते. त्या घटनेने कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला, पण पद भूषवण्याच्या अधिकाराचा स्पष्ट उल्लेख केला नाही, एवढ्याच पळवाटेवर या सदस्यांना बाहेर काढण्यात आले. गंमत अशी, की कृष्णवर्णीय सदस्यांपैकी उजळ कांतीचे चौघे मात्र वाचले. टर्नर यांनी ३ सप्टेंबरच्या भाषणात दयेची याचना न करता, मी माणूस आहे की नाही, असे सभागृहालाच खडसावले. अमेरिकी काँग्रेसच्या हस्तक्षेपानंतर १८७० मध्ये काढलेल्या सदस्यांना जागा परत मिळाल्या.